अकरा पाऊणे सव्वाआठ

कळमेश्वरच्या माणसाला समुद्राबद्दल काय माहीत असणार? आमच्या नागपुरात झिरो माइलचा दगड आहे. म्हणजे आम्ही देशाच्या अगदी मधोमध! कुठल्याही दिशेने निघा, समुद्र गाठायचा तर एक रात्र गाडीत काढावीच लागते. आमचं पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा, रामटेकची खिंडसी, फार तर तोतलाडोह. आणि या सगळ्यांना पलीकडचा काठ असतो.

त्यामुळे दिवाळीनंतर एके दिवशी बाबांनी जाहीर केलं, की "डिसेंबरात सगळ्यांनी समुद्रावर जायचं आणि तंबूत राहायचं," तेव्हा घरात एकदम शांतता पसरली. आई म्हणाली, "तंबूत? आपण काय सर्कसवाले आहोत?" धाकट्या भावाने, म्हणजे आमच्या छोटूने, पहिला प्रश्न विचारला, "तिथे नेटवर्क असते का?" आणि आजी फक्त म्हणाली, "मी येतो." (आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका 'येतो'च म्हणतात. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींनी हसू नये!)

होस्टेलवर सांगितलं तर सगळ्यांना वाटलं, गोवाच असणार. पण आम्ही निघालो होतो रायगड जिल्ह्यात, मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात. बाबांच्या एका मित्राने सांगितलं होतं, की तिथे जंगल आणि समुद्र शेजारी शेजारी आहेत, सुपेगाव नावाच्या गावात तंबूची सोय होते आणि हॉटेलपेक्षा खर्च बराच कमी येतो. हे शेवटचं कारण सगळ्यात महत्त्वाचं होतं, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं.

२३ डिसेंबर २०२४ ला संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो. आईने दोन दिवस पुरतील एवढ्या तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा आणि संत्र्यांची एक पिशवी घेतली होती. बाबा एमआयडीसीत चोवीस वर्षं नोकरी करत होते, पण सलग सहा दिवसांची रजा त्यांनी कधी टाकलेली मला आठवत नाही. रात्री सगळे झोपले तरी ते दारापाशी उभे होते.

सकाळी मुंबई. तिथून गेटवे ऑफ इंडिया आणि तिथून मांडव्याची लाँच. लाँचला साधारण एक तास लागतो आणि त्याच तिकिटात मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस मिळते. हिवाळ्यात सीगल पक्षी लाँचच्या मागे मागे येतात. छोटू त्यांचे फोटो काढत होता, आई डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. आजी मात्र कठड्याला धरून उभी. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बाप्पा! याले पल्याडचा काठच नाई का?"

"आहे नं आजी, आफ्रिकेत आहे," मी म्हटलं.

"मंग तो आपल्या काय कामाचा!"

अलिबागहून जीप ठरवली. रेवदंड्याच्या पुढे कुंडलिका नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव लागतं. टेकडीवर बिर्लांनी बांधलेलं गणपतीचं मंदिर आणि खाली स्टीलचा कारखाना. बाबा कारखान्याकडे मान वळवून बघत राहिले. आई बाबांकडे बघत राहिली.

फणसाडचं जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं आणि १९८६ मध्ये इथे अभयारण्य झालं. पन्नास-पंचावन्न चौरस किलोमीटरचंच आहे. आमच्या पेंच-ताडोब्यापुढे अगदी छोटं. इथे वाघ नाही, बिबट्या आहे. पण पेंचमध्ये झाडावर चढून समुद्र दिसत नाही!

तंबू म्हणजे मी कल्पना केली होती तसा वाकून शिरायचा नव्हता. आत खाटा होत्या, मधोमध उभं राहता येत होतं. जेवण गावातल्या बायका करून देत होत्या. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, सोलकढी. आजीने भाकरी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. "पांढरीफक हाय. ज्वारी नाई पिकत का यांच्याकडं?" मग तीन खाल्ल्या.

त्या रात्री, कंदील लावून बसलो असताना, बाबांनी शर्टाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली होती. ३१ डिसेंबरपर्यंत सही केली तर एकरकमी पैसे मिळणार. नाही केली तर नोकरी राहील, पण बदली दुसऱ्या राज्यातल्या प्लांटमध्ये. "घरी हे बोलता आलं नसतं," बाबा म्हणाले. "घरी कोणी नं कोणी येत राहते. इथं आपण पाचच जण आहोत. चार दिवस आहेत. सगळ्यांनी विचार करा आणि सांगा."

बाहेर रातकिडे ओरडत होते. आई म्हणाली, "म्हणून तंबू होय?" बाबा म्हणाले, "हॉटेलात दोन खोल्या घ्याव्या लागल्या असत्या. मग सगळे एका जागी बसलो नसतो." मला रात्री नीट झोप आली नाही. माझ्या अजून पाच सेमिस्टरच्या फिया बाकी होत्या, त्याच आकडेमोडीत होते.

सकाळी गावातल्या एका माणसाबरोबर जंगलात गेलो. इथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण, धरणाची गाण... ऐकायला किती छान वाटतं! उन्हाळ्यात सगळे प्राणी या गाणींवरच येतात. गारंबी नावाची महावेल इथे मी पहिल्यांदा पाहिली. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, तिथून तिसऱ्यावर. आमच्या मशीन ड्रॉइंगच्या सरांनी काढायला सांगितली तर अख्खा वर्ग नापास होईल अशी गुंतलेली. तिची शेंग हातभर लांब असते.

शेकरूही दिसला. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस पाठ, लांब झुबकेदार शेपूट. एका फांदीवरून दुसरीवर असा गेला, की आईसुद्धा "अगं बाई" म्हणून ओरडली. वाटाड्या म्हणाला, शेकरू एकच घरटं बांधत नाही, चार-पाच बांधतो. एकाला धोका झाला तर दुसरं असतं. बाबा हसले. "म्हणजे याच्यावर व्हीआरएसची वेळ येत नाही."

एका झाडाच्या मगरीसारख्या भेगाळ सालीवर हात ठेवून आजी थांबली. "हा त येन होय." वाटाड्या म्हणाला, "आम्ही ऐन म्हणतो." आठशे किलोमीटरवर आजीला ओळखीचं कोणीतरी भेटलं. पुढची सगळी वाट ती आपल्या शेतातल्या झाडांबद्दल त्याला सांगत राहिली. आमची अडीच एकर संत्र्याची बाग होती. २०१९ च्या उन्हाळ्यात विहीर आटली, टँकरने पाणी आणून आणून पैसे संपले आणि झाडं उभ्या उभ्या वाळली. आजोबांनी लावलेली होती. तोडायला माणसं आली त्या दिवशी आजी शेतात गेली नव्हती. हे सगळं तिने आमच्यासमोर कधी काढलं नाही आणि त्या अनोळखी माणसाला भडाभडा सांगून टाकलं.

दुपारी कोर्लईला गेलो. २५ तारीख, नाताळ! काशीदच्या किनाऱ्यावर इतकी गर्दी होती, की वाळूपेक्षा गाड्या जास्त. आम्ही तिथे थांबलोच नाही. कोर्लईला टेकडीवर पोर्तुगीजांचा किल्ला आहे, पायथ्याशी दीपगृह आणि खाली कोळ्यांचं व ख्रिश्चनांचं गाव. घराघरांवर कागदी चांदण्या लावलेल्या. मला एकदम माझ्या शाळेचा गोठा आठवला, त्यात दरवर्षी मी मेंढी व्हायचे.

या गावाची खरी गंमत वेगळीच आहे. इथले ख्रिश्चन लोक घरात जी भाषा बोलतात ती दुसरीकडे कुठेच बोलली जात नाही. पोर्तुगीज आणि मराठी मिळून झालेली. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. बोलणारे हजाराच्या आसपास. पोर्तुगीज इथे सोळाव्या शतकात आले आणि १७४० मध्ये चौल-कोर्लई मराठ्यांकडे गेल्यावर निघून गेले. भाषा मात्र राहिली. चर्चच्या बाहेर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या. मी मुद्दाम जवळ जाऊन उभी राहिले. चाल ओळखीची, शब्द एकही कळेना!

मी ज्या शाळेत शिकले तिथे मराठीत बोललं की एक रुपया दंड असे. मधल्या सुट्टीत आम्ही कुजबुजत मराठी बोलायचो. मोठी झाल्यावर उलटंच झालं, मराठी लिहायला बसले की पेन अडायला लागलं. (हा लेखसुद्धा माझ्या रूममेटने ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिलाय. ती यवतमाळची, मराठी माध्यमाची. थँक यू गं!) त्या दोन आज्यांना कोणी दंड केला असता तर त्यांनी किती रुपये भरले असते, असं मनात आलं. पावणेतीनशे वर्षं ही भाषा कोणाच्या सिलॅबसमध्ये नाही, हिच्यावर कोणाला नोकरी मिळत नाही. तरी नाताळच्या दिवशी एकमेकींच्या तब्येतीची चौकशी करायला ती पुरते आहे.

२६ तारखेला एकादशी होती. आजीचा उपवास, आणि आम्ही मासे सुकत घातलेल्या किनाऱ्यावर! नाकाला पदर लावून ती राजपुरीच्या धक्क्यावर बसली. जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या इथूनच सुटतात. सुट्टीमुळे रांग मोठी होती. आमचा होडीवाला आजीशेजारी बिडी विझवून बसला आणि म्हणाला, "आजी, आज तिथी काय?"

"एकादशी."

"मग भरती कधी लागंल ते सांगतो. तिथीला पाऊणने गुणायचं. झालं!"

छोटूने खिशातून मोबाइल काढला. मी मनात पॉइंट सेव्हन फाइव्ह इन्टू इलेव्हन करायला लागले. तोवर आजी म्हणाली, "अकरा पाऊणे सव्वाआठ."

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. आजी चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या काळी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. साठ-पासष्ट वर्षं ती पाऊणकी तिच्या डोक्यात तशीच पडून होती आणि राजपुरीच्या धक्क्यावर कामाला आली! छोटूने नेटवर भरतीचं कोष्टक शोधलं, फार फरक नव्हता. आणि पाणी खरोखरच धक्क्याच्या पायऱ्यांवर चढलेलं होतं.

मग मी तिथेच हिशोब करून पाहिला. चंद्रामुळे भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. महिन्याच्या तीस तिथ्या. चोवीस तासांना तीसने भागलं तर अठ्ठेचाळीस मिनिटं येतात. कोळ्यांनी त्याचे सुटसुटीत पंचेचाळीस केले, म्हणजेच पाऊण तास. पौर्णिमा-अमावास्येला मोजणी पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे चूक साठत जात नाही. आमच्या न्यूमेरिकल मेथड्सच्या पेपरात एरर करेक्शन आहे ते याहून वेगळं काय असतं? होडीवाल्याला हे सांगितलं तर म्हणाला, "ताई, ते तुमचं तुम्ही बघा. मला होडी वाळूत बसायच्या आधी परत आणायची असते."

जंजिरा पाहून मात्र बोलती बंद होते. 'जझीरा' म्हणजे अरबीत बेट, त्यावरून जंजिरा. चहूबाजूंनी समुद्र आणि आत गोड्या पाण्याचे दोन तलाव. अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. मूळ आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी तो शेवटपर्यंत राखला. महाराजांच्या फौजेला तो घेता आला नाही. पुढे १६८२ मध्ये संभाजीराजांनी राजपुरीपासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव टाकून वाटच बांधायला घेतली! औरंगजेबाच्या स्वारीमुळे तिकडे लक्ष द्यावं लागलं आणि ते काम अपुरं राहिलं. मी त्या पाण्याकडे बघत होते. पोकलेन नाही, डंपर नाही, दिवसातून दोनदा भरती येऊन टाकलेलं वाहून नेणार. आणि माणूस म्हणतो, भराव टाका. आजच्या सिव्हिलवाल्यांनी एकदा जाऊन ती खाडी जरूर बघावी.

दुपारी मुरूडमधल्या एका सुपारीच्या वाडीत जेवलो. घरच्या काकूंनी आजीचा उपवास म्हणून वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी केली. आजी म्हणाली, "ही त भगर होय!" पुन्हा ओळख पटली. जेवण झाल्यावर काकूंनी वाडी दाखवली. उंच झाडं मोजकीच, बाकी सगळी कमरेएवढी, काही डोक्याएवढी. आजीने विचारलं, "मोठी झाडं काहून नाई?"

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ इथेच, अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. काकू म्हणाल्या, दुपारी तीन-चार तासांत वाडी भुईसपाट झाली. सासऱ्यांनी लावलेली झाडं होती. तेव्हा लॉकडाऊन, घरावर कौलं नाहीत, कितीतरी दिवस वीज नाही. "मग?" आजीने विचारलं.

"मग काय आजी, खोडं उचलली आणि रोपं लावली. सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं. मधल्या जागेत केळी लावली, घरात पाहुणे ठेवायला लागलो. आता दोन-तीन वर्षांनी बघा."

"संत्र्याले पाच वर्सं लागते," आजी म्हणाली. "तुमच्यापेक्षा कमीच हाय." आणि तिने बाबांकडे पाहिलं. बाबा एका रोपाभोवतीचं आळं बघत खाली बसले होते.

शेवटची रात्र. तंबूत पुन्हा पाचही जण. बाबांनी पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले होते. मी म्हटलं, "आधी माझी पाच सेमिस्टरची फी आणि छोटूची बारावी बाजूला काढा. ती रक्कम एफडीत, तिला हात लावायचा नाही. मग उरलेल्याचा हिशोब." इंजिनीअरिंगमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी शिकवतात तो कुठेतरी वापरायला हवा ना! आई म्हणाली, "बदली घेतली तर तुम्ही तिकडे, आम्ही इकडे. दोन चुली. पगारातले किती उरतील?" छोटू म्हणाला, बोअर मारायच्या आधी विहिरीचं पुनर्भरण करायचं, त्याच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. (हा मुलगा पुस्तक वाचतो, हीच बातमी!) आजी सगळ्यात शेवटी बोलली. "अडीच एकर पूर्न नको लावू. निम्मी लाव. निम्म्यात सोयाबीन अन् चना राहू दे. पोटाले लागते."

बाबा म्हणाले, "बाई, तू मले नोकरी सोड म्हनतेस का नाई?"

"मी काहीच म्हनत नाई. मी हिशोब सांगून राहिली."

बाबांनी ३० डिसेंबरला सही केली. सगळं एकदम सुरळीत झालं, असं सांगणार नाही. पहिले दोन महिने ते सकाळी शिफ्टच्या वेळेला उठून तयार होऊन ओट्यावर बसायचे. आईने डबा भरायची सवय मोडायला होळी उजाडली. पण जुलै २०२५ मध्ये सव्वा एकरात संत्र्याची कलमं लागली. जंबेरीच्या खुंटावरची, सहा बाय सहा मीटरवर, ठिबकसकट. एकशे चाळीस झाडं. खड्डे आखायला मी गेले होते. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलमध्ये जे कधी नीट जमलं नाही ते शेतात दोरी आणि काटकोनाने पहिल्या फटक्यात जमलं. आजी बांधावर बसून रांगा मोजत होती.

तर मित्रमैत्रिणींनो, ज्यांना फणसाडला जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं: पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असते, जंजिऱ्याच्या होड्याही बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. राहायची सोय आधी फोन करून पक्की करा. जंगलात वाटाड्या घ्या, एकटे हिंडू नका. टॉर्च न्या. नाताळच्या आठवड्यात काशीदला जायचं असेल तर माझ्याकडून हात जोडून नमस्कार! आणि तिथी बघून जा. पाऊणकी येत नसेल तर घरात आजी-आजोबा असतील त्यांना विचारा. त्यांना आणखी काय काय येतं ते आपण कधी विचारलेलंच नसतं.

मुरूडच्या काकूंशी आजी अजून फोनवर बोलते. परवा घरी गेले होते तेव्हा स्पीकरवर चाललं होतं. काकू सांगत होत्या, की एका रोपाला या वर्षी पहिला घड धरलाय. आजी म्हणाली, "आमच्याले अजून चार वर्सं हायेत." मग बोटांवर काहीतरी मोजून म्हणाली, "तवा मी ऐंशीची होईन. पाहू."